थंडीचा सराव

महाल, नागपूर
२० मे १९७६

रा. रा. गोपाळराव यांस,

वामनरावाचा सप्रेम नमस्कार. आम्ही इथे सुखरूप आहोत. (आम्ही म्हणजे मी. तुमची ताई गेल्यालाही वर्ष झालं, पण एकट्याला 'आम्ही' लिहायची सवय सुटत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? कौशल्यावहिनींचा खोकला थांबला का? रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायला अजून अवकाश आहे, तेव्हा सध्या तुम्हाला थोडी सवड असेल असं धरून हे लांबलचक पत्र लिहितो आहे.

तर गोपाळराव, मी स्वीडनला निघालो आहे. चष्मा पुसायचं कारण नाही, तुम्ही बरोबर वाचलंत. चिरंजीव शिरीषनं बोलावलं आहे. वर्षश्राद्धाला तुम्ही आलात तेव्हा मुद्दामच बोललो नाही. पासपोर्ट तोवर हातात आला नव्हता, आणि बातमी तुमच्या कुहीला पोचून नंतर पासपोर्टच आला नसता, तर जावईबापूंची जी काही थोडी अब्रू तिकडे उरली आहे तीही गेली असती. आता तो आला आहे. त्यातल्या फोटोत मी एखाद्या फरार इसमासारखा दिसतो, पण सरकारनं त्यावर शिक्का मारला आहे, तेव्हा माझी तक्रार नाही.

बातमी गल्लीत फुटली आणि घराला एकदम भाव आला. तुमची ताई होती तेव्हा ओसरीवर सतत कोणी ना कोणी असायचं. ती गेल्यावर दूधवाल्याखेरीज माणसाचं तोंड दिसेना. (तोही हल्ली पातेलं उंबऱ्यावर ठेवून, आवाज न देता जातो.) आता बघा, रोज माणसं येतात. निम्म्यांना स्वीडन म्हणजे स्वित्झर्लंड वाटतं आणि ते घड्याळं आणायला सांगून जातात. मी सगळ्यांना हो म्हणतो. नाही म्हटलं तर उद्या येणार नाहीत. शेजारच्या पार्वतीबाईंची चिंता मात्र अस्सल आहे. शिरीषच्या गावी, म्हणजे गोटेबोर्गला, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो हे ऐकून त्या म्हणाल्या, "काहून जाऊन राहिले भाऊजी अशा जागी? दिवसच नाही मावळला तं दिवा कवा लावा माणसानं?" मी शास्त्रीय उत्तर दिलं, पण मनात म्हटलं, संध्याकाळ उशिरा येणारा मुलूख मला मानवेल. इथली फार लवकर येते आणि आली की हलत नाही.

आता थंडीचं ऐका. सर्वांच्या मते मी तिथे उतरताक्षणी गोठणार होतो. म्हणून सीताबर्डीला जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक ओव्हरकोट घेतला. कामठीच्या छावणीतल्या कोणा हवालदाराचा असावा. वजन असं, की घातला की आपोआप सावधान उभं राहायला होतं. पण कोट आहे म्हणजे थंडी सोसेल असं थोडंच? सराव हवा. आणि नागपुरात मे महिन्यात थंडी एकाच ठिकाणी मिळते, बर्फाच्या कारखान्यात. कोट चढवून सायकलरिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं, "बाबूजी, हिव भरलं का?" विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रिक्षा थेट धंतोलीला एका दवाखान्यासमोर नेली. त्याच्या हाकेसरशी दोघांनी मला उचलून आत बाकावर निजवलं. मी स्वीडनचं सांगायला तोंड उघडलं, तर नर्सबाईंनी त्यात थर्मामीटर घातलं. ते काढल्यावर सगळं खरं सांगितलं, तर बाईंनी डॉक्टरांना कळवलं, की ताप नाही, पण पेशंट बडबडतो आहे.

दुसऱ्या दिवशी कोट काखेत धरून गेलो आणि पोचलो. तिथले मुकादम रुपराव म्हणून आहेत. मी म्हटलं, जरा वेळ थंडीत बसायचं आहे. ते हसले नाहीत. आतल्या कोठीत, भुसा घातलेल्या बर्फाच्या लाद्यांच्या शेजारी एक स्टूल दिलं. मग मी रोज जाऊ लागलो. कामगार माझ्या कोटावर पोट धरून हसायचे, मला सलाम ठोकायचे, चहातला अर्धा कप द्यायचे. खरं सांगतो, चारच दिवसांत थंडीचं नुसतं निमित्त उरलं. घरी दिवसभरात माझ्यावर हसायलासुद्धा कोणी नसतं.

काल रुपरावांनी विचारलं, परदेशात कोणाकडे जाता? म्हटलं, मुलाकडे. ते माझ्याकडे बघत राहिले. "महालातले ना तुम्ही, बाबूजी? मागच्या साली तुमच्याच घरी लाद्या आल्त्या."

गोपाळराव, त्या लाद्या तुम्हीच आणल्या होत्या. भर उन्हात ठेल्यावर त्यांच्याशेजारी बसून. रात्रभर आपण ताईभोवती बर्फ लावला, सकाळी पाणी उंबऱ्याबाहेर गेलं होतं, आणि दुपारी तुम्ही-मी ठरवलं की आता शिरीषसाठी थांबता येणार नाही. शिरीष दुसऱ्या दिवशी पोचला. म्हणाला, "ठीक आहे, बाबा," एवढंच. आठ दिवस राहिला आणि गेला. पोरगं तिकडच्या हवेसारखं झालं, असं मी तुम्हाला मोटारस्टँडवर म्हटलं होतं.

रुपराव म्हणाले, "तो आल्ता ना इथं. परत जाच्या आदल्या दिवशी. मले इचारलं त्यानं, का अजून लाद्या आणल्या असत्या तं आई एक दिवस थांबली असती का? मी म्हटलं, नाही बाबू, मे महिन्यात बर्फच थांबत नाही. मंग तुम्ही बसले ना, तिथंच बसला. लय वेळ रडून राहिला होता."

मी उठलो आणि चालत निघालो. कोट अंगावरच होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. महालापर्यंत त्या उन्हात तसाच आलो. दारात पार्वतीबाई ओरडल्या, "कोट काढा भाऊजी, आधी कोट काढा!" त्यांनीच तो ओढून काढला, पाणी दिलं, आणि ओसरीवर माझ्याजवळच बसून राहिल्या.

खरं म्हणजे कालपर्यंत स्वीडन हे ओसरीवर बोलायचं प्रकरण होतं. जाईन असं माझं मलाच वाटत नव्हतं. आज सकाळी जाऊन तिकिटाची चौकशी केली. जुलैत निघेन म्हणतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
वामनराव

ता. क. वहिनींना म्हणावं, आंब्याचं लोणचं थोडं जास्त घाला. शिरीषला आवडतं. तेल वरपर्यंत असू द्या, प्रवास लांबचा आहे.

ता. क. २. माझ्यामागे घराची राखण करायला या, असं लिहिणार होतो. पण राखण्यासारखं घरात काय आहे?

ता. क. ३. शिरीषला यातलं काहीच ठाऊक नाही. त्यानं जानेवारीत बोलावलं होतं, त्याला मी अजून उत्तरच दिलेलं नाही. पत्रं सगळी तुमची ताई लिहायची. खाली जागा उरली तर मी 'आशीर्वाद' लिहीत असे. आज एअरलेटर घेऊन बसलो, 'चि. शिरीष यास' लिहिलं आणि पुढे हात चालेना. तुम्हाला एवढं लिहून झालं, त्याला एक ओळ होत नाही. तेव्हा येत्या रविवारी या. सांगायचं काही नाही, नुसते शेजारी बसा. लिहितो मीच.