ताडपत्रीवरच्या शेजारणीला सोडण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
माल तपासणी कोठार, सीमानाका.

विषय : युद्धभागातल्या दवाखान्याच्या छपरासाठी निघालेल्या आणि आपल्याकडे अडकलेल्या ताडपत्र्या सोडण्याबाबत (त्यातली एक आपल्याच डोक्यावरून उतरवून).

संदर्भ : आपलं मागचं पत्र. त्यात 'कलाकृती' पुन्हा पुन्हा आलंय, 'छप्पर' एकदाही नाही.

महोदय,

आधी नुसतं ऐकून घ्या, शिक्का नंतर मारा. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायचे. पण तुमच्या कारकूनकाकांनी बजावलंय, अर्जात 'अहो'च पाहिजे, नाहीतर अर्ज परत. म्हणून अहो.

१. आमची संस्था युद्धात छप्पर उडालेल्या ठिकाणी ताडपत्र्या पाठवते. त्याआधी त्यांच्या एका बाजूला आम्ही चित्रं काढतो आणि चौकात टांगतो. भाजी घेऊन निघालेला माणूस थांबतो, हे काय म्हणून विचारतो, की आम्ही त्याला धरून तिकडे काय चाललंय ते सगळं सांगतो. दोन्ही हातांत पिशव्या असतात, पळणार कुठे? मग तीच ताडपत्री छपरावर जाते. चित्राची बाजू खाली, खाटेवरच्या माणसाकडे तोंड करून.

२. चित्र कशाचं, ते खाटेवरचा माणूस ठरवतो. माझी ताई तिथे नर्स आहे. शाळेच्या इमारतीत दवाखाना थाटलाय आणि छप्पर बाँबने नेलंय. ताई एकेकाला विचारते, वर बघितलं की काय दिसायला पाहिजे? बेकरीवाल्याने भट्टी मागितली. ट्रकवाल्याने बिनखड्ड्यांचा रस्ता मागितला. आणि एका आजीने मागितली शेजारीण. दोघी जन्मभर नळावरून भांडल्या. लढाई सुरू झाली तशी शेजारीण कुठल्या गाडीत चढली, कुठे गेली, काही पत्ता नाही. आजी ताईला म्हणाली, "ती वरून टपून बसलेली असली ना, तर मी मरायची नाही. तिला कशाला तेवढं सुख देऊ?"

मी शेजारीण काढली. कमरेवर हात, एक भुवई वर. आजी फोनवरून सूचना देत होती. नाक अजून वाकडं कर, म्हणे. शेवटी मात्र हळूच म्हणाली, डोळे चांगले काढ हो, डोळे चांगले होते तिचे.

३. आता तुमच्या खात्याची गंमत. कारकूनकाकांनी ताडपत्री उलटली, चित्र बघितलं आणि म्हणाले, ही कलाकृती, कला समितीची परवानगी आणा. आम्ही म्हटलं, चित्रावर पांढरा रंग फासतो. तर म्हणाले, कलाकृतीची नासधूस हा गुन्हा. आम्ही चित्र आत ठेवून घडी घालून आणली. काकांनी घडी उलगडली. शेवटी समितीचे साहेब आले, शेजारणीपुढे हाताची घडी घालून बराच वेळ उभे राहिले आणि हिची किंमत करता येत नाही असं लिहून गेले. किंमत नाही म्हणून जकात ठरेना, जकात नाही म्हणून माल सुटेना. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं चांगलं चित्र काढलं आणि नेमकं तेच नडलं.

४. मग गेल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. काल मी चौकशीला आले तर तुमच्या कार्यालयात फायलींवर गळू नये म्हणून वर ताडपत्री बांधलेली. बघते तर आमची शेजारीण! बरोब्बर तुमच्या टेबलावर, भुवई वर करून. शिपाईकाका म्हणाले, हिला लावल्यापासून साहेब जेवून आले की डुलकी काढत नाहीत.

महोदय, अहो, पावसात डोक्यावर बांधतात त्याला काय म्हणतात? आपल्याच कार्यालयाने सिद्ध केलंय की ती ताडपत्री आहे. गळत नाही, हेही तपासून झालंय. तर तसं दोन ओळींत लिहून द्या आणि सगळ्या सोडा. गाडी फाटकाबाहेर उभी आहे, ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार नाही.

५. हसण्यावारी नेऊ नका, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. तिकडेही पाऊस आहे. आजीच्या खाटेवर पाणी ठिबकतंय आणि खाट सरकवायला जागा नाही. छाती भरलीये तिची. आत्ताच ताई फोनवर म्हणाली, "चित्र नसलं तरी चालेल गं, फक्त भोक नको." इतक्यात मागून आजीचा आवाज आला, "ती कुठवर आली, विचार."

मी काय सांगणार होते? की तुमची शेजारीण सरकारी नोकरीला लागली? मी म्हटलं, निघालीये, वाटेत कोणाशी तरी भांडत बसलीये. आजी हसली, मग खोकली, आणि खोकला थांबेचना. मी फोन ठेवला आणि सरळ हा अर्ज लिहायला बसले.

आता कारकूनकाकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. तूच सांग, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?

आपली नम्र (आणि बाकावरची तीच),
संस्थेची रंगारीण
मंगळवार, तुमच्याच बाहेरच्या बाकावरून

सोबत :
१. शेजारीण आपल्या टेबलावर पहारा देतानाचा फोटो.
२. एक नवी कोरी ताडपत्री, आपल्या छपरासाठी. लाच नाही, बदली आहे. चित्र नाही. भोकही नाही, उजेडात धरून बघितलंय.