मुठीचा दोरा

पांढुर्णा,
२८ जून २०२१

आदरणीय मोठ्या बाई,

धाकट्या जावेचा, सुचिताचा नमस्कार. पाकिटावर तुमचं नाव लिहिताना हात सवयीने 'सौ.'कडे गेला. ते पाकीट फाडलं, दुसरं घेतलं. सौंसरला माहेरी तरी दोन घास पोटात जातात ना? इथे आम्ही बरे आहोत.

तुमच्याशिवाय बांगड्यांचं दुकान उघडलंय, हे आधी सांगते. पंधरा तारखेपासून एक दिवस रस्त्याच्या या बाजूची दुकानं, दुसऱ्या दिवशी समोरची, असं चाललंय. दारात दोरी बांधली आहे, बायका बाहेरच उभ्या राहतात. पण बांगडी भरायची म्हणजे हात हातात घ्यायचा. म्हणून मी एक युक्ती काढली. घरी अंगठा आत मुडपून मुठीच्या रुंद भागाभोवती दोरा गुंडाळायचा, तेवढाच तोडून माझ्याकडे पाठवायचा. मी त्या मापाच्या बांगड्या देते, त्या घरी साबण लावून चढवतात. पहिल्या आठवड्यात निम्म्या परत आल्या. बायका मनगट मोजत होत्या! आता जमतंय. लोधीखेड्याहूनसुद्धा चिठ्ठीत गुंडाळलेले दोरे येतात.

समोरच्या अंबाबाई परवा म्हणाल्या, "काऊन वो सुचिता, आता तर न्हावी बी दाढी करून राहिला. तूच काऊन हात नाही धरत?" आमचे हे चारचौघांत सांगतात की सुचिता फार जपते. मला ते कौतुक ऐकवत नाही.

बाई, फोनवर हे बोलता आलं नसतं. तुम्ही "काय झालं?" विचारलं असतं आणि मी पुन्हा "काही नाही" म्हटलं असतं.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी, दुपारी, तुम्ही वरच्या खोलीत निजला होतात. बाजार बंद होता. हिमानीची आई तिला घेऊन मागच्या दाराशी आली. "एकुलती एक पोरगी हाय बाई. बिनचुड्याची बोहल्यावर कशी उभी करू?" मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले. तेव्हा भाऊजी म्हणाले, "भर वो, मी डबे काढून देतो." त्यांच्यावर ढकलत नाही. हात मी धरला होता.

हिमानीचा हात कढत होता. वीस वर्षं हात धरतेय मी, ताप माझ्या बोटांना कळतो. तोवर पाच बांगड्या चढल्या होत्या. नवरीचा हिरवा चुडा अर्धा सोडणं अशुभ, म्हणून मी थांबले नाही. तिच्या संसाराला काही होऊ नये म्हणून दोन्ही हात पुरे भरले, आणि शेजारी बसलेल्या भाऊजींना "तुम्ही बाहेर व्हा" एवढंही म्हणाले नाही. तिच्या आईला काय वाटेल, हा विचार आला. जाताना पोरगी त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चौथ्या दिवशी मला फोडणीचा वास येईना. बोलले नाही. त्याच संध्याकाळी भाऊजींना ताप चढला, आणि नागपूरच्या दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत.

तेराव्याला तुम्ही सगळ्यांपुढे म्हणालात, "मीनंच धाडलं होतं त्याईले सणाच्या गुळासाठी गर्दीत. मीनंच मारलं." मी तुमच्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हाही गप्प होते. इतकी नीच मी कधी नव्हते, बाई.

काल तुमचा भाऊ गजेंद्र दुकानावरून गेला. म्हणाला, ताईने गूळ-साखर सोडली, चहासुद्धा तसाच पिते. गुळाने काही झालं नाही. तुमच्या हातून काही झालं नाही.

हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवा. दुकान जितकं माझं तितकंच तुमचं आहे. तिथे माझं तोंड बघवणार नसेल तर कळवा, मी गजेंद्रच्या हाती किल्ली पाठवते. पण चहात साखर घाला.

दहाव्याला तुमच्या बांगड्या मी फोडू दिल्या नाहीत. साबण लावून एकेक उतरवली. तेव्हा तुम्ही माझा हात धरून रडलात, म्हणालात, तू होतीस म्हणून. त्या दिवसापासून मी कुणाचा हात धरलेला नाही.

त्याच हातांची,
सुचिता