चालवायची आज्ञा ता. क. मध्ये आहे

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (तू उलट आशीर्वाद द्यायला उठू नकोस, गुडघा सांभाळ.) गुडघ्याचं दुखणं आता जिना चढताना जास्त आहे की उतरताना, ते कळव. काकांचा खोकला गेला का? आणि गेला असेल, तर ते पुन्हा फोनवर मोठ्याने बोलायला लागले का, तेही कळव. मी खुशाल आहे. तू विणून दिलेल्या स्वेटरची मला रोज आठवण होते.

आता माझी हकीकत. आपल्या घरातलं कुणी याआधी अशा ऑफिसात बसलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. (खिडकी उघडली की रबराचा वास येतो, बंद केली की आमचा.) लॉन्ड्रीतली कपडे धुण्याची यंत्रं ज्या प्रोग्रॅमवर चालतात, तो आम्ही लिहितो. पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, दार कधी उघडायचं, हे सगळं त्यात असतं. आम्ही लिहितो ते यंत्राला जसंच्या तसं कळत नाही, त्याला कळेल अशा रूपात आणावं लागतं, त्याला कम्पाइल करणं म्हणतात. प्रोग्रॅममधल्या चुका पकडायला आम्ही आणखी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो, त्या टेस्ट. त्याही आधी कम्पाइल कराव्या लागतात आणि मग चालवाव्या लागतात. तुझ्या भाषेत सांगायचं तर स्वेटर विणून झाला म्हणजे टेस्ट कम्पाइल झाली, आणि कुणीतरी तो अंगात घालून हात वर केले म्हणजे ती चालली. नुसता विणलेला स्वेटर 'झाला' म्हणता येतो, 'बसला' म्हणता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, माझी सगळी फजिती यातच आहे.

मी आले तेव्हा ही दोन्ही कामं कम्प्युटरला दिलेली एकच आज्ञा करायची, आणि ती इतकी रेंगाळायची की ती देऊन सगळे चहाला जायचे. एक ओळ बदलली तरी ती सगळ्या टेस्ट पहिल्यापासून कम्पाइल करायची. (एक टाका सुटला म्हणून अख्खा स्वेटर उसवण्यासारखं.) हे का, असं विचारलं तर उत्तर एकाच माणसाला ठाऊक, आणि तो बोलत नाही. त्याला सगळे मौनी म्हणतात. मला वाटलं, ज्ञान असं एका माणसाच्या डोक्यात कुलूपबंद राहणं बरोबर नाही. मी मौनीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, त्याच्या हुंकारांवरून अर्थ लावला आणि त्या आज्ञेचे दोन भाग केले. एक फक्त बदललेल्या टेस्ट कम्पाइल करणार, चुटकीसरशी. दुसरी सगळ्या टेस्ट चालवणार. मग सगळ्यांना कळावं म्हणून मी त्यावर माहिती लिहिली, अगदी जीव ओतून.

आणि इथे, मावशी, तुझे संस्कार आडवे आले. लिहिणं मी तुला पत्रं लिहून शिकले. त्यामुळे माहितीची सुरुवात मी 'प्रिय सहकाऱ्यांनो, आपण सर्व कुशल असाल' अशी केली. मग चौकशी, मग जुन्या आज्ञेचा इतिहास, मग मौनीचे आभार, मग नवी वेगवान आज्ञा. आणि तूच शिकवलंस ना, की मुद्द्याचं बोलणं आधी काढू नये, माणूस बिचकतो, ते शेवटी हळूच लिहावं? म्हणून शेवटी हळूच लिहिलं, 'ता. क. : वरील आज्ञा टेस्ट फक्त कम्पाइल करते, चालवत नाही. चालवण्यासाठी खालील आज्ञाही द्यावी.'

ता. क. कुणी वाचला नाही. वेगवान आज्ञा मात्र सगळ्यांना आवडली. ती दिली की क्षणात पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' यायचं. आमच्या टीमच्या प्रमुख बाई (त्यांना सगळे लगबग म्हणतात, त्या जेवतातही उभ्याने) इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली. मी बाबांना फोन केला. बाबांनी त्याच दिवशी दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे हुद्दा रंगवून घेतला.

मग तो प्रोग्रॅम लॉन्ड्र्यांमध्ये गेला आणि यंत्रं कपडे खळबळत राहिली. नुसती खळबळतच राहिली. पाणी सुटेना, दारं उघडेनात. एक गृहस्थ अंगावरचे कपडेही धुवायला टाकून दुकानाच्या टॉवेलवर बसले होते, ते तसेच संध्याकाळपर्यंत बसून राहिले. गंमत म्हणजे नेमकी हीच चूक पकडणारी टेस्ट मौनीने फार पूर्वी लिहून ठेवली होती. ती छान कम्पाइल होऊन तिथेच पडून होती.

मीटिंगमध्ये लगबगबाई पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. त्यांनी मला विचारलं, ही आज्ञा टेस्ट चालवतच नाही, हे तू लिहायला नको होतंस का? मी म्हटलं, लिहिलंय, ता. क. मध्ये. सगळे आपापल्या पडद्यावर खाली खाली सरकत गेले. बराच वेळ सरकत होते. मग मौनी बोलला. "पत्र फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण घर पेटलं तर 'आग' हा शब्द आभारानंतर लिहीत नाहीत."

मी रडले नाही. (थोडीशी, टायरच्या दुकानात जाऊन.) शेवटी ठरलं ते असं, की दोन आज्ञा राहतील, कारण त्या खरंच चांगल्या आहेत. मात्र पहिली आता 'यशस्वी' म्हणणार नाही, 'कम्पाइल झालं, टेस्ट अजून चालवलेल्या नाहीत' असं सांगेल. आणि माहिती मी नव्याने लिहायची, मुद्दा पहिल्या ओळीत. मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्या माहितीवर ठरेल. या कामातलं काहीही न कळणाऱ्या बाहेरच्या माणसाने ती वाचून, कुणाला काही न विचारता, दोन्ही आज्ञा बरोबर दिल्या पाहिजेत. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. पाटीचा रंग अजून ओला असेल.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार सांग, आणि त्यांनी ऐकला नाही तर पुन्हा सांग.

तुझी,
भाची

ता. क. : तो बाहेरचा माणूस म्हणजे तू. सोमवारी येशील असं मी सांगून टाकलं आहे. लगबगबाईंनी अनुभव विचारला, तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात मावशीचा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही. त्यांना ते फार आवडलं. ऑफिसला लिफ्ट आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही.

ता. क. २ : स्वेटरची रोज आठवण होते असं वर लिहिलं, ते खरं आहे. तो त्या दिवशी त्या टॉवेलवाल्या गृहस्थांच्याच लॉन्ड्रीत होता. आता तो शेजारच्या बाळाला बसतो. हात वर करूनही पाहिले, छान बसतो.

ता. क. ३ : तू कुठलंही पत्र ता. क. पासून उलटं वर वाचत जातेस, हे मला माहीत आहे. म्हणजे आत्ता तू ही पहिली ओळ वाचते आहेस. तर मावशी, पाया पडते, सोमवारी तेवढं वरून वाच.