लाल पट्टी बांधलेला दांडा

मी, खाली सही करणारा, विमानांच्या भंगारातून घरच्या ऑफिसची टेबलं-खुर्च्या बनवणारा कारागीर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. त्यांचं काय जातं म्हणायला?

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. पंखाच्या पत्र्याचं टेबलही तिचंच, त्यावर ती शिकवणीच्या वह्या तपासते. ते हलवू नये. दारातून ते बाहेर निघत नाही. आत कसं आणलं, हे मलाही आठवत नाही.

२. विमानातल्या सीटची फिरती खुर्ची जावयाला. करकरते म्हणून त्याने तिला चारचौघांत नावं ठेवली होती. तीच द्यावी, तेल न घालता.

३. शेड, हत्यारं आणि धंदा मुलाला. मुलगा कष्टाळू आहे, पण घाई अंगात भिनलेली. गोंद वाळायच्या आत कपाट पोचवलं त्याने आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली मी.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शेडच्या कोपऱ्यात विमानाच्या पुढच्या चाकाचा दांडा आहे. त्यात तेल आणि दाबून भरलेला वायू असतो. तो न सोडता दांडा कापला, तर कापणाऱ्याच्या जिवावर बेततं. वायू सोडायचा व्हॉल्व्ह गंजून बसलाय आणि माझे हात हल्ली थरथरतात, म्हणून कोणी हात लावू नये याची खूण म्हणून मी त्याला लाल पट्टी बांधली आहे. आमच्या शेडचा नियम असा, की ज्याने पट्टी बांधली त्यानेच ती सोडायची. पण मीच गेलो तर? गिऱ्हाइकाला टेबलाचा पाय म्हणून तोच दांडा हवाय. मुलगा रोज म्हणतो, "बाबा, भंगारात पडलेला दांडा, आत काय उरलं असणार? ग्राइंडर लावतो आणि मोकळा होतो."

सबब, पट्टी सोडण्याचा हक्क धाकट्या भावाला देत आहे. त्याची उमेदीची वर्षं विमानतळावर असेच दांडे उघडण्यात गेली. पूर्वी एकदा त्याने न विचारता दुसऱ्या एका दांड्यावरची माझी पट्टी सोडली, मी त्याला झापलं, तेव्हापासून अबोला. चूक त्याचीच होती, हे मी मरतानाही म्हणेन. पण दुसऱ्या कोणाच्या हाती हे सोपवायला माझा जीव धजत नाही.

५. कलम ४ रद्द. पत्नीने कागद वाचून परस्पर दिराला फोन केला. तो दुपारीच दारात हजर. वाचून म्हणाला, "दादा, मेल्यावर बोलावणार होतास मला? घरातला फोन बंद पडलाय का?"

"तू माझी पट्टी सोडली होतीस."

"बरं बाबा, आता विचारतो. सोडू?"

"सोड," म्हणालो.

त्याने सगळ्यांना शेडबाहेर काढलंय. मुलाला मी शेजारी धरून बसवलंय. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय. फुसफुस ऐकू येतेय, म्हणजे आत वायू होता. मुलाचा चेहरा पांढराफटक पडलाय. आता आवाज थांबला. भाऊ अजून बाहेर आलेला नाही. हाक मारावी तर दचकेल. त्याला काही झालं तर मला ते ऑपरेशनही नको.

वरील मजकूर माझाच असून खाडाखोडीसह मला मान्य आहे.

ठिकाण: शेडमागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस

लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही. कागदावरचा डाग तेलाचा आहे, कोणी घाबरू नये.)