अज्ञात, १९३८

शनिवार, १३ एप्रिल २०१९

चर्चच्या बसने माँटगोमेरीच्या स्मारकाला जाऊन आलो. आई चौऱ्याऐंशीची, थोरली मावशी अर्डेला ब्याण्णवची—दोघींना सांभाळून मीच दमले. बसमध्ये सिस्टर पिंक्स्टननी विचारलं, “तुमच्या घरातलं कुणी आहे का हो त्या नावांत?” आई फणकारली, “आमच्यातलं कुणी नाही. बाप होता, तो पळाला. मी तीन वर्षांची होते. पळपुटा मेला!”

वर टांगलेले लोखंडी खांब. प्रत्येक जिल्ह्याचा एक, त्यावर गोऱ्यांच्या झुंडीने मारलेल्या आमच्या काळ्या माणसांची नावं. आमच्या जिल्ह्याची सहा. सर्वात खाली—‘अज्ञात, १९३८’.

मला काहीच वाटलं नाही. रडू येईल म्हणून तीन रुमाल नेले होते. एकाचीही घडी मोडली नाही. आई बसकडे निघाली. मावशी मात्र त्या खांबाखालून हलेना!

रविवार, १४ एप्रिल

प्रार्थनेनंतर सिस्टर पिंक्स्टन उभ्या राहिल्या. मारलं त्या जागची माती बरणीत भरायची, बरणीवर नाव घालायचं, स्मारकात ठेवायची. “बायांनो, त्या अज्ञाताचं नाव कुणाला ठाऊक असेल तर आत्ता सांगा. कोरी बरणी नेऊ का मी?”

जेवताना मावशी हळूच म्हणाली, “नाव सांगितलं तर मारणाऱ्यांची माणसं येतील का गं?”

“मावशी, ऐंशी वर्षं झाली!”

“आडनावं तीच आहेत. बाजारातल्या पाट्या वाच.”

सोमवार, १५ एप्रिल

कपडे धुतले. बाकी काही नाही.

बुधवार, १७ एप्रिल

मावशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “लिही. ल्युशस बेथ्यून.”

म्हणजे आजोबा!

मावशी तेव्हा अकरा वर्षांची. “आमची आई म्हणाली, बाप पळाला म्हणा. मारला म्हटलं तर घर जाळतील. टाकलेल्या बाईच्या वाटेला कुणी जात नाही.”

“मग नंतर तरी सांगायचंस!”

“नंतर कधी? तोंडात तेच बसलं होतं.”

हे मी किराण्याची यादी लिहावी तसं लिहितेय. माझी मलाच लाज वाटते. आईला सांगणं माझ्याच गळ्यात पडलं. सांगितलं. “बरं,” म्हणाली, आणि भांडी पुसत राहिली.

शुक्रवार, १९ एप्रिल

आई दोन दिवसांनी बोलली. “शिव्या घालायचे गं मी. पण पळालाय म्हणजे कुठेतरी जगला असेल, असं धरून होते.”