धुतलेली मुळं

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहिते. उत्तराला उशीर झाला. बंदरावर गर्दी आहे आणि उतारूंच्या सामानातली रोपं-फळं तपासायच्या आमच्या टेबलाला दोघीच जणी. काल एका कोटवाल्या आजोबांच्या खिशात कोंब फुटलेले दोन बटाटे सापडले. म्हणाले, "सोबतीला आणलेत." मी काढून घेतले, तर लेकरू हिसकावून घेतल्यासारखे बघत राहिले. आमच्या मोठ्या मॅडम म्हणतात, तुझ्या हातून सुईसुद्धा सुटायची नाही.

फोन करणार होते. पण तू आधी "जेवलीस का" विचारलं असतंस, आणि मी हो म्हणून ठेवून दिला असता.

तुझं पत्र तीनदा वाचलं. रोग लागला म्हणून सरकारी माणसांनी भाऊजींची दोनशे दहा लिंबाची झाडं आठवड्यात तोडून जाळली. ते धड जेवत नाहीत, नुसते मोकळ्या जमिनीकडे बघत बसतात, म्हणतेस. शेजारच्यांच्या बागेतही पानं पिवळी पडायला लागलीत. खाली लिहिलंयस, "ज्याच्या सामानातून हा रोग आला त्याचं कधी भलं होऊ नये. तू तिथेच असतेस, शोधून काढ मेल्याला."

शोधावं लागलं नाही, ताई.

सरळच लिहिते, नाहीतर आणखी दोन पानं बटाट्यांवरच जातील. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी मागितलीच नव्हती. तिला तसं बघायचा धीर नव्हता. समुद्रापलीकडच्या आपल्या घरी जाऊन तिकडचं सगळं तू एकटीने निस्तरलंस आणि बोटीतून उतरून माझ्याच टेबलासमोर उभी राहिलीस. पिशवीत ओल्या फडक्यात आईच्या लिंबाचं रोप. रजेबद्दल तू काही विचारलं नाहीस.

हे नेता येत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी ते आतल्या बेसिनवर नेलं. मुळांची माती नखांनी काढली, तीन पाण्यांनी धुतली, एकेक पान भिंगाखाली उलटंपालटं केलं. किड्याचं एक अंडं नाही की डाग नाही. मग माझ्या रुमालात गुंडाळून तुला दिलं. वाटलं, आईचं एवढं तरी माझ्या हातून झालं.

हा रोग झाडाच्या रसात असतो. वर्षानुवर्षं बाहेर काही दिसत नाही, आणि तिथलेच बारीक किडे तो या झाडावरून त्या झाडावर नेतात. म्हणूनच नियम आहे, भिंगाला काही दिसो न दिसो, रोप सोडायचं नाही. नव्या मुलींना मीच हे शिकवते. तेव्हा तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तुला माहीत नव्हतं. मला होतं.

आता तुझ्या पत्राच्या शेवटचं. तोडणारे आले तेव्हा आईचं झाड तू कुंडीसकट मागच्या सज्जात नेलंस, चादर टाकून लपवलंस आणि हे फक्त मला सांगितलंस. ताई, ते राहिलं तर शेजारच्यांची उरलीसुरली बागही जाईल. भाऊजींनी नव्याने काही लावलं तर तेही जगायचं नाही.

आज सकाळी मी मॅडमना सगळं लेखी दिलं. रोप कुणी सोडलं ते आणि झाड कुठे आहे तेही. तुझा विश्वास मोडला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि तारीख घालून शिक्का मारला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

पुढच्या शुक्रवारी माणसं येतील. त्यांच्याबरोबर मीही येईन. झाडाला तू हात लावू नकोस, त्यांनाही लावू देणार नाही, मीच तोडीन. भाऊजींना त्याआधी सगळं सांग, माझं नाव घेऊन. त्यांनी मला घरात घेतलं नाही तरी चालेल. मी मागच्या जिन्याने वर जाईन आणि काम झालं की तशीच खाली उतरेन.

खाली 'तुझी' लिहिलंय. नको वाटलं तर खोडून टाक.

तुझी
धाकटी