कॅरम, बिअर अन् वानखेडे सर

रवि. १ नोव्हें. १९८७, मावला
दुपारी व्हरांड्यात चार बोर्ड झाले. मी आणि वानखेडे सर एका बाजूनं. समोर बस डेपोतला नरसय्या आणि कापूस बाजारातले ख्वाजाभाई. बिअर तिघांना. ख्वाजाभाई पीत नाहीत, त्यांना लिंबू-सोडा. नरसय्यानं पुन्हा ग्लासात बर्फ टाकला. "चल्लगा पाहिजे सर, चल्लगा, एकदम थंडगार." बिअरचं पाणी करतो, सांगून थकलो.
मला साधीच आवडते. स्ट्राँग म्हणजे गुळाच्या पाण्यात कडुनिंब. साधी, गार पण दात न वाजवणारी, सोबत उकडलेल्या शेंगा. पहिला घोट कडूच लागला पाहिजे, नाहीतर मग ताक प्यावं.
सर ओततात कशी, पाहत राहावं. ग्लास तिरपा, धार काठावरून, एका दमात. शाळेत फळ्यावर वर्तुळ काढतात तसंच. शेवटच्या बोर्डात राणी आणि कव्हर लागोपाठ. असा पार्टनर नशिबानंच मिळतो.

रवि. ८ नोव्हें.
पहिला बोर्ड ग्लास भरायच्या आधीच लावला. सरांच्या बोटाखाली स्ट्रायकर थरथरत होता. समोरची, पॉकेटच्या तोंडावरची सोंगटी चुकली. अर्धा ग्लास झाला आणि हात दगडासारखा स्थिर. नरसय्या म्हणाला, "सरांच्या हाताला पेट्रोल लागते." सगळे हसले, सरही. मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडेच...
जाताना फाटकाशी थांबले. "सुधाकर, उलटं पायजे होतं ना बे? पेल्यावर हालाले पायजे. सकाळी वर्गात खडू बी हालते आता."
मी समजत होतो, सर फक्त रविवारी माझ्याकडेच घेतात.

गुरु. १२ नोव्हें.
ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरांसोबत डॉक्टरकडे. सरांची दारू रोजची निघाली. संध्याकाळी घरी, कोणाला न सांगता. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करणं धोक्याचं, भरती व्हा, गोळ्या देऊ. सर म्हणाले, "आजच होतो." मला वाटलं, विचार करून सांगतो म्हणतील. मी असतो तर तेच म्हटलं असतं.

रवि. २२ नोव्हें.
सर आले! वाळले आहेत. मी बाटल्या घाईनं आत नेल्या तर ओरडले, "मी काय पाहुणा हाओ?" तरी कोणी उघडली नाही.
सगळे बोर्ड हरलो. हात इतका हलतो की सोंगटीऐवजी स्ट्रायकरच पॉकेटात. थंडीत शर्ट ओला. ख्वाजाभाईंनी एक सोपी सोंगटी मुद्दाम सोडली. सरांनी बरोबर पकडलं. "भाईजान, खैरात नको." ख्वाजाभाईंनी कान धरले, "गलती होगई मास्टरसाब." पुढच्या फटक्याला त्यांनी सरांचं पार वाटोळं केलं तेव्हा सर खूष.
इतकं हरून माणूस असा बसू शकतो? मी तर एक बोर्ड हरलो की जेवणावर राग काढतो.

मंगळ. २४ नोव्हें.
सरांच्या मिसेस, वहिनी, घरी आल्या. बसल्या नाहीत. "भाऊजी, त्याहीले रविवारी बलावू नका. तुमच्या इथं बाटली असते." काय चुकीचं बोलल्या? संध्याकाळी सरांना तसंच सांगितलं. सर म्हणाले, "घरी बसलो का बाटली आठवते. बोर्डापुढं बसलो का राणी आठवते. तिले म्हना, तू बी चाल."

रवि. २९ नोव्हें.
वहिनी खरंच आल्या, मेथी निवडत बसल्या. नरसय्याला ड्यूटी लागली, गडी कमी. "वहिनी, बसता काय?" "मले कुठं येते!" तरी बसल्या. सर शिकवू लागले, "अंगठा नको, बोट लाव." "तुमी तुमचं पाहा ना." तिसऱ्या की चौथ्या फटक्याला सोंगटी गेली. वहिनी इतक्या मोठ्यानं हसल्या की मेथी सगळी खाली. दवाखान्यापासून पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना.
सगळे गेल्यावर एक बाटली उघडली. चव तीच, पण अर्धीच प्यालो. समोर कोणी नसलं की बिअर नुसती कडू.

६ डिसें.
आज खेळ नाही. सकाळी सर बुद्धविहारात बोलणार होते, मागं जाऊन उभा राहिलो. नेहमीसारखं शिक्षणावर बोलले. मग थांबले. म्हणाले, "मी दारू सोडून राह्यलो. सोडली म्हनत नाई. सोडून राह्यलो." पुढं त्यांच्याच शाळेची पोरं, त्यांचे आईबाप. एवढी छाती माझ्यात नाही.

रवि. २० डिसें.
जिंकलो! हात अजून हलतो, पण सरांनी तोड काढली. श्वास सोडतात, थरथर जरा बसते, तेवढ्यात मारतात. नरसय्या आपली पाळी विसरून पाहत होता.
नंतर सरच म्हणाले, "तुमी प्या आता. माह्यापायी काऊन कोरडे बसता?" नरसय्यानं एक उघडली. सरांनी मान वळवली नाही, शेंगा सोलत राहिले. मी सोडाच घेतला. मन झालं नाही.

शुक्र. २५ डिसें.
सरांच्या पुतण्याचं लग्न, पांढरकवड्याला. वहिनी तापानं पडल्या, सर एकटेच निघाले. तिकडे भाऊ, साडू, सगळेच पिणारे. स्टँडवर म्हटलं, मी येऊ का सोबत? "किती दिवस हात धरून फिरशीन?" बस सुटेपर्यंत खिडकीतून हसत होते. मला नाही हसू आलं.

रवि. २७ डिसें.
बोर्ड मांडला नाही. संध्याकाळी स्टँडवर गेलो. सर उतरले, डोळे तांबडे. जागरणानं असेल, किंवा...
मी न विचारताच म्हणाले, "भावानं ग्लास हातात देल्ला. सगळे पाहून राह्यले होते. धरून बसलो. लय वेळ."
एवढंच सांगून चालू लागले. मी पिशवी मागितली, दिली नाही. वहिनींचा ताप विचारत भराभरा चालत राहिले. प्याले नसतील तर प्रश्नच नाही. प्याले असतील तरी बसमधून उतरून पहिलं हेच सांगितलं.
दारात पोचल्यावर आत हाक मारली, "अवो, थोडं बोलाचं हाय." वहिनी शाल लपेटून उठून आल्या. मला चहाला थांब म्हणाल्या. मी थांबलो नाही.